नेटिव्ह ॲक्टिव्हिटीचा लूप वेगळ्या थ्रेडवर: ग्लू काढून स्वतःचा जोड बसवताना

प्रकल्प छोटा आहे: अँड्रॉइडसाठी सी मध्ये लिहिलेलं, बोटाने रेघा ओढायचं चित्रकलेचं ॲप, पडद्यावर काढायला ओपनजीएल ईएस (फोनमधली ग्राफिक्सची लायब्ररी). आतापर्यंत ते एनडीकेसोबत (अँड्रॉइडसाठी सी, सी++ मध्ये लिहायची साधनं) येणाऱ्या ‘नेटिव्ह ॲप ग्लू’वर, म्हणजे सिस्टिमचे निरोप ॲपच्या लूपपर्यंत पोचवणाऱ्या तयार फाइलवर चालत होतं. आता ती फाइल काढून तिच्या जागी स्वतःचा जोड बसवलाय. लूप, म्हणजे इव्हेंट घेऊन चित्र काढत राहणारं चक्र, पूर्वीही वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममधल्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या धाग्यावर) होता, आताही आहे. मुख्य बदल हा की मेन थ्रेड (सिस्टिम ज्यावर ॲपला हाका मारते तो) लूपसाठी कुठे थांबतो आणि कुठे नाही हे आता कोडमध्ये स्पष्ट दिसतं. या सगळ्या कामात खरी मेख तिथेच आहे. थ्रेड वेगळा केला म्हणजे मेन थ्रेड मोकळा झाला असं होत नाही. काही ठिकाणी त्याला थांबावंच लागतं, आणि त्या प्रत्येक ठिकाणी ॲप गोठायची शक्यता असते.

आधी मूळ ग्लू काय करतो ते. नेटिव्ह ॲक्टिव्हिटी, म्हणजे सी मध्ये लिहिता येणारा ॲपचा पडदा, अँड्रॉइड २.३ पासून, म्हणजे एपीआय ९ (आवृत्तीचा क्रमांक) पासून आहे. सिस्टिम आपली लायब्ररी उघडते आणि त्यातलं ‘ए-नेटिव्ह-ॲक्टिव्हिटी-ऑन-क्रिएट’ हे फंक्शन मेन थ्रेडवर बोलावते. इथून लगेच परतायचं असतं, इथे लूप लिहून चालत नाही. ग्लू इथे एक पाईप (एका टोकाला लिहिलेलं दुसऱ्या टोकाला वाचता येतं अशी नळी) उघडतो, एक थ्रेड सुरू करतो, त्या थ्रेडवर लूपर (निरोप आला की थ्रेडला जागं करणारी अँड्रॉइडची सोय) तयार करून पाईपचं वाचायचं टोक त्याला जोडतो आणि मग आपलं ‘अँड्रॉइड-मेन’ बोलावतो. पुढे ॲक्टिव्हिटीचा प्रत्येक कॉलबॅक (सिस्टिमने मारलेली हाक) मेन थ्रेडवर येतो, ग्लू पाईपमध्ये एक बाइट लिहितो, आणि लूपचा थ्रेड तो बाइट वाचून काम करतो.

लायब्ररी उघडताना ‘ऑन-क्रिएट’ सापडत नाही अशी तक्रार लॉगमध्ये आली तर दोष बहुतेक लिंकरचा (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमचा) असतो. ग्लू स्टॅटिक लायब्ररी म्हणून जोडला की त्या फंक्शनला आपल्या कोडमधून कोणीच हाक मारत नाही, म्हणून लिंकर ते उचलतच नाही. लिंकरला ‘उणे यू’ पर्याय देऊन त्याच्यापुढे ते नाव लिहिलं की प्रश्न मिटतो. स्वतःचा जोड मुख्य लायब्ररीतच कंपाइल होत असेल तर याची गरज पडत नाही, फक्त ते चिन्ह लपवलेलं नसावं.

आता नवा जोड. एका बाइटऐवजी १६ बाइटांचा निरोप ठेवलाय: ४ बाइट प्रकार, ४ बाइट क्रमांक, ८ बाइट पॉइंटर. पॉइंटरसाठी नेहमी ६४ बिटांचा पूर्णांक घेतलाय, त्यामुळे ३२ बिटांच्या फोनवरही निरोप १६ बाइटांचाच राहतो. लिनक्सवर ४०९६ बाइटांपर्यंतचं पाईपमधलं लिखाण अखंड जातं, मध्येच दुसऱ्या थ्रेडचे बाइट मिसळत नाहीत, म्हणून लिहिताना वेगळं लॉक लागत नाही. पाईप उघडताना क्लोज-ऑन-एक्झेक लावायचं (दुसरा प्रोग्रॅम सुरू होताना पाईप आपोआप बंद होतो), वाचायचं टोक नॉन-ब्लॉकिंग (वाचायला काही नसेल तर न थांबणारं) करायचं, आणि वाचताना सिग्नलमुळे व्यत्यय आला तर पुन्हा वाचायचं.

निरोपातच विंडोचा पॉइंटर जात असल्याने मूळ ग्लूमधलं ‘सध्याची विंडो’ आणि ‘येऊ घातलेली विंडो’ असं दुहेरी खातं ठेवावं लागत नाही. ज्या निरोपासाठी मेन थ्रेडने थांबायचं आहे त्याचा क्रमांक तो लक्षात ठेवतो आणि ‘पूर्ण झालेला शेवटचा क्रमांक’ तिथवर पोचेपर्यंत कंडिशन व्हेरिएबलवर (दुसऱ्या थ्रेडच्या इशाऱ्याची वाट बघायची सोय) झोपतो. ही तपासणी ‘इफ’मध्ये नाही, ‘व्हाइल’मध्येच हवी, कारण कंडिशन व्हेरिएबल विनाकारणही जागं होऊ शकतं.

मग थांबायचं कुठे? मूळ ग्लू सुरू, पुन्हा सुरू, विराम, बंद या चारही अवस्थांसाठी थांबतो. नव्या जोडात ते काढून टाकलं. पाईप क्रम राखतो, त्यामुळे निरोप उलटसुलट पोचायची भीती नाही, आणि या ॲपला विरामाच्या वेळी मेन थ्रेड अडवून ठेवण्यासारखं काही करायचं नसतं. थांबायच्या जागा चारच उरल्या: विंडो नष्ट होताना, इनपुट रांग नष्ट होताना, स्थिती जतन करताना आणि ॲक्टिव्हिटी संपताना.

विंडोची जागा टाळता येत नाही. एनडीकेच्या हेडरमध्येच बजावून सांगितलंय की विंडो नष्ट झाल्याच्या कॉलबॅकमधून परतल्यावर त्या विंडोला हात लावायचा नाही, आणि चित्र दुसऱ्या थ्रेडवरून काढत असाल तर परतण्याआधी ते थांबवायची जबाबदारी तुमची. लूपच्या थ्रेडवर हा निरोप आला की काम या क्रमाने: ईजीएलचं (ओपनजीएलला विंडोशी जोडणारा थर) चालू सरफेस (चित्र उमटतं ती जागा) सोडायचं, सरफेस नष्ट करायचं, विंडोचा पॉइंटर शून्य करायचा, आणि त्यानंतरच क्रमांक पूर्ण झाल्याची खूण. कॉन्टेक्स्ट, म्हणजे ओपनजीएलची सगळी अवस्था, मात्र ठेवायचा. तो ठेवला तर नवी विंडो आल्यावर टेक्स्चर (चित्रं) आणि शेडर (ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) पुन्हा चढवावे लागत नाहीत, ॲप परत उघडताना फरक जाणवतो. हा कॉन्टेक्स्ट कायम लूपच्याच थ्रेडचा. तिथे तो चालू असताना मेन थ्रेडवरून चालू करायला गेलात तर ईजीएल ‘बॅड ॲक्सेस’ देतं.

विंडो तयार झाल्याच्या निरोपासाठी थांबत नाही. नष्ट होण्याचा निरोप त्याच्या मागूनच येणार आणि त्यासाठी थांबणारच आहोत, तेवढं पुरतं.

इनपुट रांगेचंही तसंच. रांग नष्ट व्हायच्या आत लूपच्या थ्रेडवर ती लूपरपासून सोडवावी लागते. रांग वाचताना दोन पथ्यं आहेत. एक, उपलब्ध सगळे इव्हेंट संपेपर्यंत वाचायचे. दोन, प्रत्येक इव्हेंट आधी प्री-डिस्पॅचला द्यायचा. त्याने शून्याहून वेगळं उत्तर दिलं तर तो कीबोर्डकडे गेलाय असं समजून सोडून द्यायचा, नाहीतर आपलं काम करून ‘फिनिश’ बोलवायचंच. फिनिश राहून गेलेला एक इव्हेंटही पुरतो: ५ सेकंदांनी सिस्टिम ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ (एएनआर) म्हणते, आणि लूप तर मजेत फिरत असतो. बॅक बटण स्वतः वापरायचं नसेल तर फिनिशला ‘हाताळलं नाही’ असं कळवायचं, मग पुढचं सिस्टिम बघते.

स्थिती जतन करण्याबद्दल एक खाचखळगा. अँड्रॉइड ९ (एपीआय २८) किंवा पुढचं लक्ष्य ठेवलेल्या ॲपमध्ये हा कॉलबॅक ‘बंद’ अवस्थेनंतर येतो, त्याहून जुनं लक्ष्य असेल तर आधी. बंद झाल्यावर रेघांची यादी मोकळी करायचा मोह होतो. तसं केलं तर नव्या फोनवर रिकामी स्थिती जतन होईल. परत द्यायचा तुकडा मॅलॉकने घेतलेला हवा, तो सिस्टिम मोकळा करते. उलट बाजूला, ‘ऑन-क्रिएट’मध्ये मिळालेली जुनी स्थिती फंक्शन परतल्यावर टिकत नाही, म्हणून थ्रेड सुरू करायच्या आधीच तिची नक्कल करून घ्यायची.

आता गोठण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. प्रसंग असा: लूपच्या थ्रेडला पडद्याच्या खाचेची माहिती हवी असते. ती जावाकडून मिळते, व्ह्यूकडून, म्हणून जावाच्या बाजूला एक मेथड लिहिली जाते. ती काम यूआय थ्रेडवर टाकते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. नेमक्या त्याच वेळी वापरणाऱ्याने होम दाबलं. मेन थ्रेड विंडो नष्ट होण्याच्या निरोपासाठी लूपची वाट बघतोय, लूप यूआयच्या उत्तराची वाट बघतोय, आणि यूआय थ्रेड म्हणजे तोच मेन थ्रेड. दोघेही कायमचे अडकले. एएनआरच्या ट्रेसमध्ये हे लख्ख दिसतं: मेन थ्रेडच्या स्टॅकवर (चालू फंक्शनांच्या उतरंडीवर) नेटिव्ह ॲक्टिव्हिटीचं ‘सरफेस-डिस्ट्रॉइड’, त्याच्यावर ‘ऑन-सरफेस-डिस्ट्रॉइड-नेटिव्ह’, आणि सगळ्यात वर कंडिशनवरची प्रतीक्षा. हा स्टॅक दिसला की मेन थ्रेडकडे बघत बसू नका, लूपचा थ्रेड कशात अडकलाय ते शोधा. त्यासाठी थ्रेडला नाव दिलेलं असावं. नावाला १५ अक्षरांचीच मर्यादा आहे आणि ती बाइटांत मोजली जाते, म्हणून नाव रोमन लिपीत आणि छोटं.

यावरचा नियम या जोडात कडक ठेवलाय: लूपच्या थ्रेडने यूआयच्या उत्तरासाठी कधीही थांबायचं नाही. काम टाकायचं, पुढे जायचं, उत्तर त्याच पाईपमधून आणखी एक निरोप म्हणून येतं. व्ह्यू लूपच्या थ्रेडवरून थेट बदलायला तर जायचंच नाही, तिथे एक्सेप्शन येतं. विंडोचे फ्लॅग बदलणं आणि ॲक्टिव्हिटी संपवणं ही एनडीकेची फंक्शन्स मात्र कुठल्याही थ्रेडवरून चालतात, ती आतून मेन थ्रेडला निरोपच पाठवतात.

गोठायचं दुसरं कारण साधं आहे: लूपमध्येच लांबलचक काम. मोठं चित्र उलगडणं, सगळे शेडर एकदम कंपाइल करणं. तेवढ्यात होम दाबलं तर मेन थ्रेड ते काम संपेपर्यंत थांबतो आणि ५ सेकंदांच्या पुढे गेलं की एएनआर येऊ शकतो. चित्र उलगडणं तिसऱ्या थ्रेडवर हलवलंय. असेट मॅनेजरचा (ॲपसोबत आलेल्या फाइली उघडणारा) पॉइंटर थ्रेडांमध्ये वाटून घेता येतो, पण उघडलेलं एकेक असेट एकाच थ्रेडने वापरायचं. काम संपलं की तो थ्रेड इव्हेंट-एफडीमध्ये (फाइलसारखा वापरता येणारा इशारा; एफडी म्हणजे उघडलेल्या फाइलचा क्रमांक) आकडा लिहितो; ती एफडी लूपरला जोडलेली असल्याने लूप जागा होतो.

लूप फिरवताना ‘पोल-ऑल’ वापरू नका. ते जागं करायच्या हाका गिळू शकतं, आणि नव्या एनडीकेच्या हेडरमधून ते काढलंच आहे. ‘पोल-वन्स’ वापरायचं: ॲनिमेशन चालू असेल तर टाइमआउट ०, नसेल तर उणे १. परतलेली किंमत ० किंवा जास्त असेल तर तो आपल्या एफडीचा ओळख क्रमांक. उणे १ म्हणजे हाकेने जाग, उणे २ म्हणजे कॉलबॅक चालला, उणे ३ म्हणजे वेळ संपली, उणे ४ म्हणजे चूक. जुन्या नमुन्यांमध्ये ‘किंमत ऋण झाली की बाहेर’ अशी अट असते. पोल-वन्ससोबत ती ठेवली तर कॉलबॅकनंतर उरलेले इव्हेंट पुढच्या फ्रेमला जातात. इथे अट अशी: ॲनिमेशन चालू असताना उणे ३ येईपर्यंत फिरायचं, नसताना काढण्यासारखं काही निर्माण झालं की बाहेर पडायचं.

जेएनआयबद्दल (सी आणि जावा यांना जोडणारा पूल) थोडक्यात. ॲक्टिव्हिटीच्या रचनेतला एन्व्ह (जावाला हाका मारायचा पॉइंटर) हा फक्त मेन थ्रेडसाठी आहे, लूपच्या थ्रेडला व्हर्च्युअल मशीनशी स्वतंत्र जोडून घ्यावं लागतं. जोडल्यावर ‘फाइंड-क्लास’ने आपल्या ॲपचा क्लास शोधला तर मिळत नाही, कारण तिथे सिस्टिमचा क्लास लोडर लागू होतो. उपाय: ॲक्टिव्हिटीच्या ऑब्जेक्टकडून क्लास लोडर घेऊन त्याच्या ‘लोड-क्लास’ने शोधायचं. रचनेतल्या ‘क्लाझ’ फील्डमध्ये क्लास नसतो, ॲक्टिव्हिटीचं ऑब्जेक्टच असतं, म्हणून ते सरळ वापरता येतं. थ्रेड संपण्याआधी मशीनपासून सुटून घ्यायचं. राहिलं तर रनटाइम ॲपच पाडतं.

स्टॅककडेही (फंक्शनच्या स्थानिक व्हेरिएबलांच्या जागेकडे) लक्ष असू द्या. पीथ्रेडने (सी मधल्या थ्रेडच्या लायब्ररीने) सुरू केलेल्या थ्रेडला अँड्रॉइडवर साधारण १ एमबी स्टॅक मिळतो. डेस्कटॉपवरच्या मेनमध्ये स्टॅकवर ठेवलेला १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलांचा, ४ बाइटी बफर एकटाच ४ एमबी होतो आणि पहिल्याच हाकेला सेगफॉल्ट येतो (चुकीच्या मेमरीला हात लागून ॲप कोसळतं). तो हीपवर (मॅलॉकने घेतलेल्या मेमरीत) हलवा किंवा थ्रेड सुरू करताना स्टॅकचा आकार वाढवून द्या. हीप बरा.

शेवट करायची पद्धतही बदललीय. मूळ ग्लूचा थ्रेड सुटा असतो, नव्या जोडात तो सुटा नाही: मेन थ्रेड संपण्याचा निरोप पाठवतो आणि पीथ्रेड-जॉइन करतो, म्हणजे लूपचा थ्रेड संपेपर्यंत थांबतो. जॉइन परतलं म्हणजे थ्रेड खरोखर संपलाय, आता पाईप बंद करायला आणि मेमरी मोकळी करायला हरकत नाही. लूपने स्वतःहून कधी परतायचं नाही. मूळ ग्लूमध्ये ‘अँड्रॉइड-मेन’मधून आपण आधीच परतलो तर पुढच्या विरामाच्या निरोपाला उत्तर द्यायला कोणी उरत नाही आणि मेन थ्रेड तिथेच अडकतो. बाहेर पडायचं असेल तर ॲक्टिव्हिटीच्या ‘फिनिश’ला हाक मारून संपण्याचा निरोप येईपर्यंत लूप फिरता ठेवायचा. ‘एक्झिट’ बोलवायचं नाही.

ॲक्टिव्हिटी संपली तरी प्रोसेस जिवंत राहते, ग्लोबल व्हेरिएबलं जुन्याच किमतींवर असतात. शिवाय ॲप संपवून लगेच पुन्हा उघडलं तर नवी ॲक्टिव्हिटी जुनीचं ‘ऑन-डिस्ट्रॉय’ यायच्या आधी तयार होऊ शकते, म्हणजे काही क्षण दोन लूप एकत्र. म्हणून सगळी अवस्था एका स्ट्रक्टमध्ये, आणि तिचा पॉइंटर ॲक्टिव्हिटीच्या ‘इन्स्टन्स’ फील्डमध्ये. एकही स्टॅटिक व्हेरिएबल नाही.

तपासणीसाठी डेव्हलपर पर्यायांमधलं ‘ॲक्टिव्हिटी ठेवू नका’ चालू करून एडीबीवरून (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन) होमचा की-इव्हेंट (३) आणि पॉवरचा (२६) आळीपाळीने पुन्हा पुन्हा पाठवणं सर्वांत उपयोगी पडतं. फोन फिरवून बघतानाच मॅनिफेस्टमधल्या (ॲपची माहिती असलेल्या फाइलमधल्या) कॉन्फिग-चेंजेसची, म्हणजे ॲप स्वतः हाताळणार त्या बदलांची यादीही तपासावी: ओरिएंटेशन आहे पण स्क्रीन-साइज नाही, असं असेल तर प्रत्येक वळणाला ॲक्टिव्हिटी नव्याने तयार होते. फिरल्यानंतरच्या पहिल्या फ्रेमला सरफेसची मापं कधी कधी जुनी मिळतात, म्हणून रुंदी-उंची प्रत्येक फ्रेमला ईजीएलकडे विचारतो.

पुढचं काम फ्रेमच्या तालाचं. सध्या बफर बदलताना जे थांबणं होतं त्यावरच वेग ठरतो. त्याऐवजी लूपच्याच थ्रेडवर कोरिओग्राफर (पडद्याच्या तालावर दर फ्रेमला हाक मारणारी अँड्रॉइडची सोय) घ्यायचाय. त्याला त्या थ्रेडवर लूपर लागतो, तो आहेच. एपीआय २४ च्या कॉलबॅकमध्ये वेळ ‘लाँग’मध्ये येते आणि ३२ बिटांच्या फोनवर नॅनोसेकंद त्यात मावत नाहीत, म्हणून एपीआय २९ चा ६४ बिटांचा प्रकार वापरणार आणि त्याखालच्या फोनांवर आहे तीच पद्धत ठेवणार. विंडो नसताना कॉलबॅक पुन्हा नोंदवायचा नाही, नवी विंडो आली की तेव्हाच नोंदवायचा.