दरडीवर प्रबंध? आधी विहीर मोजा

दरडींवर प्रबंध करायचा म्हटलं की एमएस्सीची मुलं आधी ड्रोनचे फोटो आणि उताराचा नकाशा घेऊन बसतात. गोव्यात मी उलटं सुचवेन. आधी उताराजवळच्या चार-पाच विहिरी धरा.

पर्वरी, वेर्णे, ताळगाव, सगळीकडे सड्याची, म्हणजे डोंगरावरच्या सपाट पठाराची, घडण साधारण सारखी. वरचा जांभा दगड सच्छिद्र, पाऊस सहज पिणारा. खाली लिथोमार्ज, म्हणजे पांढरट-गुलाबी मऊ चिकणमाती. पाणी तिथे अडतं, आडवं सरकतं आणि पायथ्याशी झऱ्यातून बाहेर पडतं. रस्त्यासाठी डोंगर कापला की नेमका हाच थर उघडा पडतो. पाण्याची पातळी 1 मीटर चढली की मातीच्या छिद्रांतला पाण्याचा दाब जास्तीत जास्त सुमारे 9.8 किलोपास्कलने वाढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड तेवढी सुटते. नुसत्या पावसाच्या आकड्यावरून हे कळत नाही. थर डोळ्यांनी पाहायचे असतील तर जवळची चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायची खाण, गाठा.

विहिरीच्या कठड्यावर रंगाने खूण करा, दरवेळी तिथूनच मोजा आणि कठड्याची उंची वजा करा. वेळ सकाळची, पंप सुरू व्हायच्या आधीची. मे अखेर आणि पावसाळा संपल्यावरची नोंद सगळेच घेतात. दरडीसाठी जून ते सप्टेंबर रोजची हवी.

उतारावर पीझोमीटर, म्हणजे जमिनीतल्या पाण्याची पातळी व दाब मोजायची नळी, बसवताना पीव्हीसी पाइपच्या तळाच्या अर्ध्या मीटरला खाचा पाडा, भोवती धुतलेली भरड वाळू भरा आणि तिच्यावर बेंटोनाइटच्या (पाण्याने फुगून फट बंद करणाऱ्या चिकणमातीच्या) गोळ्यांचा निदान अर्धा मीटर थर द्या. बेंटोनाइट टाळलं की वरचं पाणी पाइपच्या कडेने थेट खाली उतरतं. सर आली की पातळी उसळते, आणि प्रबंधात ‘जलद पुनर्भरण’ असं छापून येतं! शंका असेल तर कोरड्या दिवशी पाइपच्या बुंध्याशी दोन बादल्या पाणी ओता. काही मिनिटांत पातळी हलली तर बेंटोनाइटचं सील गळतंय.

लिथोमार्जचा नमुना प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून आणा आणि चाचणीआधी ओव्हनमध्ये मुळीच वाळवू नका. वाळवल्यावर बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, लिक्विड लिमिट (किती ओलाव्याला माती पातळ होऊन वाहू लागते ते प्रमाण) खऱ्यापेक्षा कमी येते आणि माती उगाच चांगली ठरते. डायरेक्ट शिअरसाठी, म्हणजे माती आडवी सरकवून तिची ताकद मोजायच्या चाचणीसाठी, नमुना पूर्ण भिजवून घ्या, कापायचा वेगही कमी ठेवा. कोरड्या नमुन्यात दिसणारं कोहेजन, म्हणजे कणांचा चिकटपणा, बरंचसं ओलाव्याच्या ताणाचं असतं. जुलैत ते उरत नाही.