साडेअकराची नोंद

कोल्हापुरात राजारामपुरीत कॉम्प्युटरचं दुकान टाकून एकोणीस वर्षं झाली. गिऱ्हाईक विचारतं, "चांगला अँटिव्हायरस कुठला?" आपण विचारतो, "एक वर्षाचा देऊ का तीन?" सौदा तिथंच संपतो. घरात मशीन कोण कोण वापरतं, मशीनवर सगळे अधिकार असलेल्या ॲडमिन खात्याला पासवर्ड आहे का, हे कोण विचारत बसणार? विचारून बॉक्स खपत नाही.

मागच्या महिन्यात एक निवृत्त सर रिक्षातून सीपीयू घेऊन आले. मागं आठवीतला नातू, मान खाली.

"ह्या कार्ट्यानं गेमच्या नादात वाटोळं केलंय. तुमचा अँटिव्हायरस असताना!"

'तुमचा'वर जोर. बॉक्स माझ्याकडचाच, चौदा महिने शिल्लक.

नेट न जोडता मशीन चालू केलं. प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांचं शेपूट, फोल्डरोफोल्डरी खंडणीची चिठ्ठी: ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केला तर ४९०. हा स्टॉप-डिजेव्हीयू, फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस. बहुतेकदा फुकटच्या क्रॅकबरोबर, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायच्या चोरट्या फाइलबरोबर, घरात येतो. आमच्या धंद्यातले निम्मे लोक इथंच "फॉरमॅट मारू" म्हणतात. मी आधी चिठ्ठीतल्या आयडीचं शेवट बघितलं. 'टी१' असतं तर आशा होती. म्हणजे व्हायरसला त्याचा सर्व्हर गाठता आला नाही, सोबत आणलेली किल्लीच त्यानं वापरली. ती किल्ली तज्ज्ञांच्या हाती लागलेली असली, तर फुकटच्या डिक्रिप्टरनं कुलूप निघतं. सरांचं नेट त्या दिवशी नेमकं चालू होतं.

आत काय होतं? करवीर, पन्हाळा तालुक्यांत चार वर्षं स्कूटरवरून फिरून काढलेले वीरगळांचे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांचे, फोटो आणि टिपणं.

"बॅकअपची डिस्क आहे की," म्हणत सरांनी पिशवीतून काढली. तिच्यातही तीच शेपटं.

"तुम्हीच सांगितलेलं, लावूनच ठेवा म्हणून."

सांगितलं होतं, आपोआप कॉपी होत राहील म्हणून. लावून ठेवलेल्या डिस्कलाही व्हायरस सोडत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

मग अँटिव्हायरसच्या नोंदी उघडल्या. मंगळवार. ११:३२, फाइल पकडली. ११:३५, पुन्हा पकडली. ११:४१, वापरकर्त्यानं संरक्षण बंद केलं. बिचाऱ्या अँटिव्हायरसनं दोनदा हात धरला होता. फाइल गेमची नव्हतीच, मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक होता. आणि मंगळवारी साडेअकराला आठवीतलं पोरगं शाळेत असतं.

मॉनिटर सरांकडं पाठ करून होता. नातवाला दिसत होता. त्यानं वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि परत मान खाली घातली. मी नोंदींची खिडकी बंद केली.

हा व्हायरस प्रत्येक फाइलचे सुरुवातीचे दीडशे केबीच कुलूपबंद करतो. चाळीस-चाळीस केबीची टिपणं त्यात सगळीच गेली. पण पाच एमबीच्या फोटोत माल शिल्लक राहतो. त्याच कॅमेऱ्याचा एक धड फोटो कार्डात सापडला. त्याचं हेडर, म्हणजे फाइलचं डोकं, एकेका धडाला बसवत गेलो. तीन रात्री लागल्या, आणि हे काम राजारामपुरीत दुसरं कुणी केलं नसतं. फक्त प्रत्येक फोटोची वरची पट्टी करडी आली. वीरगळ खालून वर वाचतात: खाली लढाई, मग वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. बऱ्याच फोटोंतले चंद्र-सूर्य गेले.

सर बराच वेळ बघत राहिले. "चालतंय," म्हणाले. मग, "आणखी एक अँटिव्हायरस घालूया का वर?"

दोन घातले की ते एकमेकांच्याच गचांड्या धरतात. नको म्हटलं. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेली, म्हणून ११ घातलं. रोजच्या वापराला साधं खातं. डिस्का दोन, आलटूनपालटून, एक कायम कपाटात. आणि अँटिव्हायरस बंद करायलाच पासवर्ड.

"तो माझ्याकडं द्या. ह्या कार्ट्याच्या हाती लागायला नको."

चिठ्ठीवर लिहून दिला. सरांनी घडी घालून खिशात ठेवला. नातू तोवर सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षात बसला होता.