हे लोंढे कधी थांबणार?

मी प्रादेशिक विकासावर संशोधन करते असं कळलं की सोसायटीच्या सभेत असो वा लग्नाच्या पंगतीत, एक प्रश्न हमखास येतो: "मराठवाड्याला एवढ्या सवलती दिल्या, जागोजाग एमआयडीसी काढल्या, तरी तिकडची मुलं पुण्यालाच का येतात? हे लोंढे थांबणार कधी?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

थांबणार नाहीत, आणि ते थांबावेत असं मला वाटतही नाही. गाव सोडायलाही पैसा लागतो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणाऱ्या मुलाचं खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी, सगळं घरून येतं. ज्या घराला हे झेपत नाही, तिथले नवरा-बायको मुकादमाकडून उचल घेतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. म्हणजे गावाकडे चार पैसे आले, शिक्षण वाढलं, की पुण्याकडे येणारी मुलं आधी वाढतातच.

आता सवलतींचं. उद्योगांसाठीची सामूहिक प्रोत्साहन योजना राज्यात १९६४ पासून आहे. तालुका जितका मागास, तितकी सवलत जास्त. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ साली प्रादेशिक अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांची विकासातली तूट, रुपयांत मोजला, तो तीन हजार कोटींच्या वर गेला. रस्ते, वीज, सिंचन असं मोजता येतं. पण हाताशी असलेल्या छोट्या कारखान्यांची साखळी अशी मोजता येत नाही. पुण्याजवळच्या भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या गाळ्यात दिवसभर थांबून बघा. सकाळी ड्रॉइंग येतं, मागच्या गल्लीत वायरकट होतं, म्हणजे तारेने धातू कापला जातो, तिथून पार्ट हार्डनिंगला, म्हणजे तापवून कडक करायला जातो आणि माप चुकलं तर दुसऱ्या दिवशी नवा तयार. हेच काम आडबाजूच्या एमआयडीसीत निघालं की पार्ट टेम्पोत घालून पुण्याला धाडायचा आणि तो परत येईपर्यंत मशीन बंद ठेवायचं. हा खोळंबा कुठल्याच सवलतीने भरून निघत नाही.

नव्या कल्पनांसाठीच्या पैशाचंही तेच. केंद्राची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना २०२१ ची, ९४५ कोटींची. नमुना तयार करायला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, पण ते इनक्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना जागा आणि सल्ला देणाऱ्या संस्थेमार्फत. अर्ज बीडहून करता येतो. प्रयोगशाळा, चाचणी, सल्ला देणारी माणसं मात्र पुण्यात. मग अनुदान मिळालेला मुलगा खोली कुठे शोधणार?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचं औरंगाबाद) वाळूजला वेगळं घडलं. १९८५ मध्ये तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या मागोमाग सुटे भाग करणारे आले, आणि शहरात इंडो जर्मन टूल रूम, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवून देणारी कार्यशाळाही उभी राहिली. जालन्या-बीडकडची कित्येक मुलं आज तिथे काम करतात. घर त्यांनीही सोडलंय, पण सुट्टीला एसटीने दोन-तीन तासांत आईवडिलांकडे पोचता येतं. मला हा फरक फार मोठा वाटतो.

म्हणून एकेका कारखान्याला पैसे वाटण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी सगळ्यांना वापरता येईल अशी टूलरूम आणि चाचणीची प्रयोगशाळा उभी करा, असं मी संधी मिळेल तिथे सांगते. पहिली काही वर्षं ती अर्धी रिकामी राहील. तो खर्च सरकारने न कुरकुरता सोसायला हवा. वाळूजही काही वर्षा-दोन वर्षांत उभं राहिलेलं नाही.