सिंगल-डबल कुणाच्या पोटात?

"सर, स्क्रीनवर तर बरोबर दिसतंय, मग व्हॅलिडेटर का ओरडतो?" वेब पेजच्या एचटीएमएलमध्ये यादीतली यादी आली की माझ्याकडे शिकणारी पोरं हे हमखास विचारतात. व्हॅलिडेटर म्हणजे एचटीएमएल नियमात आहे का ते तपासणारं साधन. तुम्हीही विचारलंत, म्हणून माझीच फजिती सांगतो.

सोलापुरातल्या एका चादरवाल्यांची साइट रेल्समध्ये, म्हणजे रुबी भाषेतल्या वेब फ्रेमवर्कमध्ये, करत होतो. मेनूत चादर, टॉवेल, नॅपकिन. चादरीखाली सिंगल आणि डबल. यादीचा टॅग यूएल, तिच्यातल्या एकेका नोंदीचा एलआय. मी 'चादर'चा एलआय बंद केला आणि त्याखाली सिंगल-डबलचा नवा यूएल उघडला. ब्राउझरने मुकाट्याने आत सरकवून दाखवला. पण यूएलच्या पोटात थेट यूएल चालत नाही. स्क्रिप्ट आणि टेम्पलेट हे टॅग सोडले तर तिथे फक्त एलआय. पोटयादी चादरीच्याच एलआयमध्ये हवी, तो बंद व्हायच्या आत. नाहीतर सिंगल-डबल चादरीचे, हे रचनेत कुठेच लिहिलेलं नसतं. डोळ्यांनी बघणारा अंदाज बांधतो, स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याने काय करायचं?

हाताने लिहिताना हे चुकणारच, म्हणून हेल्पर लिहिला, म्हणजे टॅग तयार करून देणारी छोटी मेथड. रेल्सच्या कंटेंट टॅगने यूएल काढला, आत रुबीच्या ईचने एकेक नोंद फिरवली. यूएल रिकामा! कंटेंट टॅगला त्याच्या आतल्या कोडमधून (ब्लॉकमधून) शेवटी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, हवी असते आणि ईच परत देतो मूळ ॲरे, म्हणजे नोंदींचा संचच. मग मॅपने प्रत्येक नोंदीचा टॅग करून ते जॉइनने जोडले, घाईत साइटवर चढवलं. दहा मिनिटांत मालकांचा फोन.

"ओ सर, चादरीच्या जागी हे कंस कसले आलेत?"

साध्या जॉइनने साधी स्ट्रिंग मिळते. रेल्स तिच्यावर विश्वास ठेवत नाही, टॅग अक्षरं म्हणून छापतं. घाबरून मी सगळे टॅग हाताने स्ट्रिंगमध्ये लिहिले आणि शेवटी एचटीएमएल सेफ चिकटवलं, म्हणजे रेल्सला सांगितलं, 'यावर विश्वास ठेव, तसंच छाप.' ही सगळ्यात वाईट चूक. मालकांनी एका चादरीच्या नावात डबल हा शब्द इंग्रजीत, कोनी कंसात टाकला होता. ब्राउझरने तो टॅग समजून गिळला. तिथे कुणी स्क्रिप्ट टाकली असती तर तीही चालली असती.

उपाय होता रेल्सचा सेफ जॉइन. तो आपले टॅग तसेच ठेवतो आणि साध्या मजकुरातले कंस अक्षरं म्हणूनच छापतो. आता हेल्पर एक नोंद घेतो, एलआयमध्ये नाव ठेवतो, लेकरं (पोटनोंदी) असतील तरच आत यूएल काढून प्रत्येकासाठी स्वतःलाच हाक मारतो. एलआय बंद होतो तो सगळ्यात शेवटी. जँगोवाल्यांना (ते पायथनचं वेब फ्रेमवर्क) अनऑर्डर्ड लिस्ट नावाचा फिल्टर आयता मिळतो, फक्त बाहेरचा यूएल आपण लिहायचा. तो विसरणारेही पाहिलेत.

गेल्या महिन्यात मालकांनी डबलखाली रंग टाकले, मला न विचारता. मी गुपचूप व्हॅलिडेटर लावून पाहिला. एकही चूक नाही.