पेन्शनचा रकाना

दारव्हा रस्त्यावरच्या एका फाट्यावर, एसटीच्या प्रवासी निवाऱ्यात हे बाबाजी तीन वर्षांपासून राहत होते. पांघरुणाची काटकोनात घातलेली घडी आणि काळ्या पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला, अर्धवट पुसलेला क्रमांक पाहून मी चौकशी केली, तेव्हा त्यांनी मेणकापडात गुंडाळलेले डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सेवामुक्त होताना मिळणारे सेवेच्या नोंदींचे पुस्तक, काढून माझ्या हातात दिले.

बेघर माणसाला घर मिळवून देण्याच्या कामातला निम्मा वेळ नावे जुळवण्यात जातो. सैन्याच्या नोंदीत आडनावाचे स्पेलिंग एक, आधारवर दुसरे, आणि जन्मतारीख दोन्हीकडे अंदाजाने टाकलेली. दोन्ही नावे एकाच माणसाची, एवढे सांगणाऱ्या एका प्रतिज्ञापत्रापायी माझे दोन महिने गेले. डिस्चार्ज बुक मात्र मी पानन् पान वाचले होते. नऊ वर्षांची सेवा, उत्तम वर्तणूक, घरगुती अडचणीमुळे स्वतःच्या विनंतीवरून सेवामुक्ती. जवानाला पेन्शनसाठी किमान 15 वर्षांची सेवा लागत असल्याने पेन्शनचा रकाना कोराच होता.

15 ऑगस्टला सकाळी ध्वजवंदनानंतर बाबाजींना शाल आणि श्रीफळ मिळाले. त्यानंतरच्या ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली गेली. त्यांच्या अर्जाच्या माथ्यावर मी मोठ्या अभिमानाने 'माजी सैनिक' असे ठळक लिहिले होते, आणि तेच आडवे आले. "फौजीले पेन्शन रायते, त्याले घरकुल कायले?" असे एकाने म्हणताच सकाळी टाळ्या वाजवणाऱ्यांनीच माना डोलावल्या. प्रधानमंत्री आवास योजनेत बेघरांना सर्वांत आधी प्राधान्य आहे, हे ठाऊक असलेले ग्रामसेवक खाली मान घालून रजिस्टरात 'अपात्र' लिहीत राहिले. त्यांचा राग मला अजूनही येतो. पण कोरा रकाना पाहूनही पेन्शन नसल्याचा दाखला आधीच न जोडणारी मीच होते.

तो दाखला मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून आणला. पेन्शन नसलेल्या, 65 वर्षांवरील आणि हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांना तेव्हा दरमहा 4,000 रुपयांची मदत मिळत असे, तिचाही अर्ज तिथेच भरला. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी मात्र मी बाबाजींना सुचवले की, नव्या अर्जातून 'माजी सैनिक' हे शब्द काढून टाकू, म्हणजे कोणी हरकत घेणार नाही. त्यांनी बराच वेळ पेटीवरून हात फिरवला आणि विचारले, "मंग ते नऊ वर्सं कोठी ठिऊ, बाई?"

शब्द तसेच राहिले. त्यांच्याखाली दाखल्याचा जावक क्रमांक टाकला, आणि नाव मंजूर झाले. गावठाणातली 500 चौरस फूट जागाही मिळाली. बाबाजी अजून निवाऱ्यातच झोपतात, कारण 15,000 रुपयांच्या पहिल्या हप्त्यात जोते पुरे होत नाही, आणि जोत्याचा फोटो चढल्याशिवाय दुसरा हप्ता सुटत नाही.