डाव्या शॉकअपचं सील

गेल्या आठवड्यात मामांना व्हिडिओ कॉलवर माझी स्नोमोबिल दाखवत होतो. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, वर मोटारसायकलसारखं हँडल. मामांचं कोल्हापुरात, उद्यमनगरात गॅरेज. बर्फ त्यांनी फक्त गोळेवाल्याकडं बघितलेला. पण कॅमेरा डाव्या स्कीवर गेल्याबरोबर म्हणाले, "आरं, शॉकअपचं सील गेलंय तुझं. ते तेल बघ की."

महिनाभर मी ते तेल इंजिनाचं समजत होतो.

मी राहतो सडबरीत. ओंटारियोच्या उत्तरेकडचं हे निकेलच्या खाणींचं गाव. हद्दीत तीनशेच्या वर तळी आहेत आणि थंडीत ती गोठली की त्यांचेच रस्ते होतात. इथे कुठल्याही कंपनीच्या गाडीला लोक सर्रास 'स्की-डू' म्हणतात, जसं आपल्याकडे सगळं वनस्पती तूप डालडा. मूळ स्की-डू १९५९ची, क्यूबेकमधल्या वालकूरच्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांची. १९३४च्या हिवाळ्यात, रस्ते बर्फात बुडालेले असताना, त्यांचा दोन वर्षांचा मुलगा दवाखान्यात पोचता न आल्यानं गेला. हे कळल्यापासून या गाडीला नुसतं श्रीमंतांचं खेळणं म्हणायला जीभ रेटत नाही.

जंगलातल्या वाटा रात्री मशीन फिरवून सपाट करतात. थंडीत तो बर्फ पहाटेपर्यंत घट्ट बसतो, म्हणून सकाळी गाडी लोण्यावरून गेल्यासारखी जाते. शनिवारी दुपारपर्यंत मात्र शेकडो गाड्या जाऊन ओळीनं उंचवटे तयार होतात. एस्टीच्या शेवटच्या बाकावर बसून खड्ड्यांचा रस्ता पार केलेल्याला वेगळं सांगायला नको.

माझी कंबर धरायला लागली तेव्हा मी शहाणपणा केला: आराम हवा तर सगळं मऊ करू. मागच्या टॉर्शन स्प्रिंगची (पिळाच्या स्प्रिंगची) कॅम, म्हणजे तिचा ताण कमीजास्त करणारी खाचांची चकती, सगळ्यात हलक्या खाचेवर आणली. परिणाम उलटा. प्रत्येक उंचवट्यावर सस्पेन्शन तळाला आपटायचं आणि तो दणका थेट मणक्यात. पुढे डावी बाजू दबते म्हणून तिथल्या स्प्रिंगची रिंग आवळली. नाक वर आलं, पण डुलणं थांबेना. नुसती स्प्रिंग म्हणजे झोपाळा. ती वजन पेलते, पण थांबवायचं काम तेलाचं. पिस्टनच्या बारीक वाटांतून तेल जाताना अडतं, म्हणून हेलकावा मरतो. तेलच गळून गेलं तर रिंग कितीही आवळा.

शेजारी एक फिनिश वंशाचे आजोबा आहेत. बाहेर उणे पंचवीस, त्यांच्या गॅरेजमध्ये हीटर आणि कडक कॉफी. तिथे डावा शॉकअप उघडायला घेतला. त्यांनी पहिली ताकीद दिली ती गॅसची. या शॉकअपमध्ये तेलाच्या मागे नायट्रोजन भरलेला असतो, माझ्या गाडीच्यात २०० पौंड दाबानं. कारच्या टायरमध्ये आपण तीसेक पौंड हवा भरतो, त्यावरून अंदाज करा. तो पूर्ण सोडल्याशिवाय नट फिरवायचा नाही. आतून निघालेलं तेल करडं आणि फेसाळ होतं. मग आजोबांनी दांड्यावरून हळूच नख फिरवलं. कुठे अडलं असतं तर नवं सील घालून उपयोग नव्हता, त्या खरवडीनं तेही फाटलं असतं. अडलं नाही. नवं सील, नव्या ओ-रिंग, ताजं तेल. मग दांडा सावकाश वरखाली करत शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत वाट बघणं. हे काम घाईच्या माणसाचं नाही. नायट्रोजन गावातल्या दुकानातून भरून आणला.

मग ट्यूनिंग. मागचा बंपर उचलून जमिनीपासूनची उंची मोजायची, मग जॅकेट, बूट, हेल्मेट सगळं घालून बसायचं आणि पुन्हा मोजायचं. माझ्या गाडीला फरक तीनेक इंच हवा. सगळ्यात हलक्या खाचेवर तो पाच भरला. म्हणजे सस्पेन्शनला वरखाली व्हायला असलेल्या जागेतली बरीचशी मी बसतानाच खर्च करत होतो! कॅम मधल्या खाचेवर आणली. मागच्या सांगाड्यातला लिमिटर पट्टाही (सांगाड्याचा पुढचा भाग किती खाली उतरेल ते अडवणारा) मी मध्यंतरी आखडला होता. त्यानं स्कीवर भार वाढतो, वळण छान घेतं, पण हँडल जड होऊन खांदे भरून येतात. तो परत एक भोक सैल केला. आजोबांचा नियम: एका फेरीत एकच बदल, आणि फेरी त्याच वाटेवर.

रविवारी चाळीस किलोमीटर फिरून आलो. कंबर जागेवर. बायको पहिल्यांदा आपणहून मागे बसली आणि परतीच्या वाटेवर चक्क गप्पा मारत होती.

आता खरं सांगतो. आजोबा म्हणाले होते, दोन्ही बाजू जोडीनं करून टाक. मी डॉलर वाचवले आणि फक्त डावा उघडला. काल गाडी पुसताना उजव्याच्या दांड्यावर तेलाची बारीक रिंग दिसली. मामांना अजून सांगितलेलं नाही.