रत्नागिरीची सायकलवही: मार्चअखेर

हिशेब आधी टाकतो. ऑक्टोबरपासून एकूण १,१८० किलोमीटर, दोन पंक्चर, एक साखळी भंगारात आणि माझं वजन जागच्या जागी. शेवटच्या आकड्याचं खापर मी उकडीच्या मोदकांवर फोडतो, बायको माझ्यावर.

वही पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी मूळचा सोलापूरचा, बदलीने इथे आलो. सोलापुरात पहाटे निघालं की दोन तासांत चाळीस किलोमीटर सहज व्हायचे, तेही गप्पा मारत. तोच गर्व घेऊन इथल्या पहिल्या रविवारी पावस गावाला निघालो. जाऊन-येऊन चाळीसच्या आतबाहेरचा रस्ता, नऊला घरी येऊन पोहे खायचे असा बेत. घरी पोचलो साडेअकराला. शेवटचा चढ सायकल हातात धरून चढत होतो, तेव्हा बांधावर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "हातात धरूनच न्यायची होती तर घरात ठेवायची की वो!" उत्तर द्यायला दम नव्हता.

तेव्हापासून मी इथले रस्ते किलोमीटरमध्ये मोजणं सोडलं, खाड्या मोजतो. कारण सरळ आहे. वर जांभ्याचा सडा, म्हणजे लाल दगडाचं पठार, टेबलासारखा सपाट, समुद्रापासून शंभरेक मीटर उंच. प्रत्येक नदीने हा सडा कापून समुद्र गाठलाय. म्हणजे किनाऱ्याने उत्तरेला जा की दक्षिणेला, सड्यावरून खाली उतरायचं, माडांतून, भातखाचरांतून पूल गाठायचा आणि पलीकडे परत तेवढंच चढायचं. नकाशावर हा रस्ता समुद्राला चिकटलेला दिसतो, त्यामुळे माणूस फसतो. 'दोन खाड्यांची सकाळ' म्हटलं की मला पायांचा अंदाज येतो, 'पन्नास किलोमीटर' म्हटल्यावर काही येत नाही.

म्हणून नोव्हेंबरात मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच, बदलली. आधी सगळ्यात मोठं चक्र ३२ दातांचं होतं, आता ३४ चं. पुढचं सगळ्यात लहान २८ चं आहेच. या जोडीवर पायडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण पावणेदोन मीटर सरकते. चालण्यापेक्षा फार वेगात नाही, पण आजोबांसमोर मान खाली घालावी लागत नाही. टायर ३८ मिलिमीटर रुंदीचे आहेत, हवेचा दाब साठ पीएसआयवरून पन्नासवर आणला. जांभ्याच्या खडबडीत वाटांवर मनगटांना फरक लगेच कळला.

शहर आता पुरं झालं. गल्लीन् गल्ली म्हणत नाही, पण वहीतल्या हाताने काढलेल्या नकाशावर लाल न केलेला रस्ता शोधावा लागतो. शहराचेही खालचं आणि वरचं असे दोन मजले आहेत. खाली मांडवी, टिळक आळी, गोखले नाका, तर वर मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे. बाजारात काही विसरलं तर सोलापुरात परत जायचो, इथे विसरलेलं विसरलेलंच राहतं. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर (१८५६) आणि भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, १९३१ साली सर्वांना खुलं झालेलं पतितपावन मंदिर एकाच सकाळी दहा मिनिटांच्या अंतराने होतं. त्यासाठी सायकल काढावी असंही नाही.

खरी मजा थिबा पॉइंटची. ब्रह्मदेशचा राजा थिबा, इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढला आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवला. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो १९१० मध्ये राहायला गेला आणि १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. तीस वर्षं नजरकैद. राजवाड्याजवळच्या या टोकावरून खाली काजळी नदीचं मुख, भाट्याचा पूल, राजिवड्याच्या होड्या आणि पलीकडे सुरूच्या बनाची हिरवी पट्टी एका नजरेत येते. संध्याकाळी इथे सायकल कठड्याला टेकवून उभा राहिलो की दर वेळी तोच विचार येतो: समुद्र रोज समोर आणि जायला मुभा नाही. मग मी पुलावरून पलीकडे जाऊन येतो. गरज नसते, तरी जातो.

रत्नदुर्गाचा चढ छोटा पण खवट आहे. किल्ला घोड्याच्या नालेसारखा, एका टोकाला भगवतीचं मंदिर, दुसऱ्या टेकाडावर दीपगृह. उतरताना मिरकरवाड्यातून या. सकाळी बंदरात मासळी उतरत असते तेव्हा सायकल हातात धरूनच जावं लागतं, बर्फाच्या पाण्यात ब्रेक लागत नाहीत. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा तोच रस्ता मोकळा मिळेल. अर्थात त्या पावसात बाहेर पडलो तर.

आता वाऱ्याबद्दल. हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझे चार रविवार वाचले असते. भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, परीक्षेपुरते. इथे ते मांडीच्या स्नायूंत शिकलो. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, हलका, अंगाला गार. साडेदहा-अकराला तो पडतो, पंधरा-वीस मिनिटं पान हलत नाही, आणि मग समुद्रावरून, वायव्येकडून, खारा वारा सुरू होतो. दुपारी तो चांगलाच जोर धरतो. याचा अर्थ असा की उत्तरेला, म्हणजे गणपतीपुळे-जयगडकडे, दिवसभराची फेरी काढावी, कारण परतताना वारा पाठीवर हात ठेवून आणतो. दक्षिणेला पूर्णगडकडे गेलात तर मात्र अकराच्या आत घरी. पूर्णगडहून मी एकदा दुपारी बाराला परत निघालो. भाट्याच्या किनाऱ्याचा रस्ता, एक इंच चढ नाही, आणि मी घाटातल्या गिअरवर. शेजारून एक काकी चालत होत्या, बराच वेळ शेजारूनच.

फेब्रुवारीत जयगड झालं, या सहा महिन्यांतली सगळ्यात मोठी फेरी. पहाटे पाचला निघालो. शिरगाव, साखरतरचा पूल, बसणी, मग आऱ्याचा पूल. हे गणपतीपुळ्यापर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटर आणि कोकणात सायकलवर याहून देखणा तुकडा मला अजून मिळालेला नाही. आरे मागे पडलं की रस्ता कड्याच्या कुशीतून वर चढतो. चढताना समुद्र डावीकडे, पण बघता येत नाही, कारण नजर पुढच्या चाकापुढच्या दोन हातांवर. वर पोचून पाय टेकला की खाली आरे आणि वारे, दोन किनारे एकमेकांना पाठ लावून बसलेले. उजाडत होतं. पाण्यावर अजून रंग नव्हता, फक्त लाटेची पांढरी कड पुढे सरकायची आणि विरायची, आणि आवाज एवढ्या वर येईपर्यंत लाट परतलेली असायची. मी बाटलीचं झाकण उघडून प्यायचं विसरलो.

पुढे नेवरे, भंडारपुळे, गणपतीपुळे. देवाला बाहेरूनच हात जोडले. सायकल कुठे ठेवायची हा प्रश्न तिथे गर्दीच्या दिवशी कठीण होतो. मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक आहे, तिथे मात्र अर्धा तास बसलो. शेणाने सारवलेल्या जमिनीवर गार वाटतं, कवितेचं मला फारसं कळत नाही. तिथून जयगडपर्यंत चढउतार चालूच. किल्ला शास्त्री नदीच्या मुखावर, आणि खाली धक्क्यावरून तवसाळला फेरीबोट सुटते. बोटीत सायकल चढवून पलीकडे गेलो, चहा घेतला, त्याच बोटीने परत. गुहागर तालुक्यात पाय ठेवल्याची नोंद वहीत केली आहे, कुणी हसू नये. दुपारी खारा वारा पाठीशी घेऊन साडेचारला घरी. ९३ किलोमीटर, खाड्या जाता-येता धरून चार, फेरीबोटीची वेगळी.

आणि आता साखळीचं. हे लिहायला लाज वाटते, पण याच कामासाठी ही वही आहे.

ओहोटीला ओली वाळू डांबरासारखी घट्ट होते हे कुणीतरी सांगितलं होतं. काळबादेवीचा किनारा लांबलचक, सरळ, माणूस नाही. ओहोटी कधी हे काढायची इथली रीत मला घराशेजारच्या काकांनी शिकवली: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. पंधरा-वीस मिनिटं इकडे तिकडे होतात, पण फोन न काढता जमतं. सकाळच्या सायकलीला द्वितीया उत्तम. भरती दीडला, ओहोटी साडेसात-पावणेआठला, शिवाय अमावस्या-पौर्णिमा नुकतीच झालेली असल्याने पाणीही खूप आत जातं. डिसेंबर-जानेवारीत तीन द्वितीया मी तिथे गेलो. खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांच्या नक्षीवरून टायर जाताना जो आवाज येतो, तो काही वेगळाच. घरी येऊन बादलीभर पाणी ओतायचो, कापडाने पुसायचो, झालं.

जानेवारीअखेरीस गिअर उडायला लागले. सायकलवाल्या काकांकडे नेली. त्यांनी साखळी काढली आणि एक टोक धरून हवेत सोडली. साखळी खाली लोंबायला हवी, माझी मध्येच वाकडी राहिली, जसा आखडलेला गुडघा. पाच-सहा कड्या हलतच नव्हत्या. काकांनी ती रॉकेलच्या थाळीत बुडवून ब्रशने घासली, तळाशी काळी वाळू बसली. मग त्यांनी छर्रे उचलायला ठेवलेला जुन्या स्पीकरचा लोहचुंबक कागदात गुंडाळून थाळीच्या कडेला फिरवला. त्याला वाळूची काळी लव उभी राहिली. या किनाऱ्यावरच्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजं आहेत, मांडवीला 'काळा समुद्र' म्हणतात ते असल्याच काळ्या वाळूमुळे. ती खनिजं दोन महिने माझ्या साखळीच्या पिनांना कानशीसारखी घासत होती, वर खाऱ्या पाण्याने गंज. वरून ओतलेल्या पाण्याने वाळू निघत नाही, आत जाते.

"वाळूवर चालवलीत ना?" काका म्हणाले. मी गप्प. "मग आता तोंड पाडू नका. मच्छीमारांच्या पोरांच्या सायकली बघा, साखळीला तेल असतं का? मेण लावतात." सगळी पोरं लावतात की काका मला खूश करत होते, कोण जाणे. पण नव्या साखळीला मी मेण लावलं. साखळी रॉकेलमध्ये कोरडी ठक्क धुवायची, वितळलेल्या पॅराफिनमध्ये दहा मिनिटं बुडवायची, टांगून ठेवायची. पातेलं जुनं आणि स्वतःचं घ्या, स्वयंपाकघरातलं घेऊ नका. पॅराफिन थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या टोपात ठेवा, पेट घेतं. साडेतीनशे किलोमीटर झाले, हात लावला तर बोट काळं होत नाही. धूळ चिकटत नाही, हे इथल्या लाल मातीत फार मोठं सुख. वाळू मात्र बंद. आता काळबादेवीला सायकल सुरूला टेकवून चालतो.

मार्चमध्ये फारसं झालं नाही. सडा सुकून पिवळा पडलाय, कुठे वणव्याने काळा. नऊनंतर जांभा खालून भाजतो. आंबा सुरू झालाय, म्हणजे पहाटे पेट्यांचे टेम्पो, तेही घाईत आणि वळणावर. मागचा लाल दिवा उजेडातही चालू ठेवतो. काजूच्या बोंडांचा वास मात्र फुकट मिळतो, पावस रस्त्याला तर डोकं धरायला लावणारा.

राहिली आहे कशेळी. पूर्णगडला मुचकुंदीचा पूल ओलांडून पुढे, राजापूर तालुक्यात. कनकादित्याचं देऊळ तिथेच, पण मला जायचंय ते सड्यावरच्या कातळशिल्पासाठी. जांभ्यावर कोरलेला भलामोठा हत्ती आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा पूर्णगडच्या किल्ल्यावर बसून घड्याळ बघितलं आणि परत फिरलो, त्या वाऱ्याच्या भीतीने. या वेळी वेगळं करणार: शनिवारी संध्याकाळी वारा निवल्यावर निघायचं, पावसला मुक्काम, रविवारी उजाडताना सड्यावर. तिरप्या उन्हातच त्या रेषा उठून दिसतात म्हणे. करवंदं पिकायच्या आत जमवतो. पावसला साधी, स्वच्छ खोली आणि सायकल आत घेऊ देणारा मालक कुणाला माहीत असेल तर कळवा.